डिस्कार्ड करा, डिस्पोज करा: म्हणजे नक्की काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं औषधाचं दुकान यवतमाळ जिल्ह्यात, आठवडी बाजार भरणाऱ्या एका गावात आहे. शेजारीच चुलतभावाचं कृषी केंद्र. बाजाराच्या दिवशी दोन्हीकडे एका जातीचे प्रश्न येतात. बाटलीवर, पुड्यावर, मोबाइलवर नाहीतर कोर्टकचेरीच्या कागदावर इंग्रजीत 'टाका' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं, आणि ते कधी टाकायचं, कुठं टाकायचं, टाकायचं तरी आहे का, हे कळत नाही. शाळकरी पोरं अर्थ विचारतात, मोठी माणसं पुढं काय करू ते विचारतात. दोघांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

डिस्कार्ड म्हणजे काय?

वापरातून काढून टाकणं. वस्तू हातात आहे, पण आता ती कामाची राहिली नाही किंवा कामाला घेणं धोक्याचं आहे, म्हणून बाजूला करायची. हा शब्द पत्त्यांच्या डावातून आलाय. सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज लोक हातातलं नको असलेलं पान खाली टाकण्याला डिस्कार्ड म्हणायचे. रमी खेळणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: हातात १३ पानं, एक उचललं की एक टाकायचं, आणि टाकलेल्या पानांच्या ढिगाला आजही डिस्कार्ड पाइल म्हणतात. टाकलेलं पान तुमच्या डावाला नको असतं एवढंच, शेजारचा तेच उचलून डाव लावतो.

किडकं बी, फाटका पाइप, जुनी समजूत, मोडीत निघालेली योजना, या सगळ्यांना हा शब्द चालतो. मराठीत जागा पाहून 'टाकून देणे', 'बाद करणे', 'वगळणे' असं म्हणायचं.

मग डिस्पोज वेगळं का?

डिस्कार्डमध्ये फक्त हातातून सोडणं आहे. डिस्पोजमध्ये त्या वस्तूचं पुढं काय करायचं ते ठरवून पार पाडणं आहे: पुरणं, परत करणं, विकणं, निकाल लावणं. सरकारी मराठीत याला 'विल्हेवाट लावणे' म्हणतात आणि तो शब्द अगदी नेमका आहे. 'विल्हे' गळालं की नुसती 'वाट लावणे' उरते, आणि गावात बहुतेक वेळा तेच होतं.

लेबल वाचताना एवढं पाहा: डिस्कार्ड असेल तर आसपास बहुधा मुदत लिहिलेली असते, इतक्या दिवसांनी, इतक्या तासांनी. डिस्पोज असेल तर पद्धत लिहिलेली असते. लोक दोन्हींचा अर्थ 'फेका' असा एकच घेतात आणि दोन्हीकडचं अर्धं सोडून देतात.

परीक्षेत वाक्य कसं लिहायचं?

डिस्कार्डच्या पुढं थेट वस्तू येते. डिस्पोजच्या पुढं 'ऑफ' लागतंच, 'डिस्पोज ऑफ द बॉटल'. दहावीच्या पेपरात पोरं हा 'ऑफ' हमखास खातात. क्रियापद म्हणून डिस्कार्ड बोलताना जोर 'कार्ड'वर येतो, नाम असेल तर 'डिस'वर. वस्तूला डिस्पोजेबल, क्रियेला डिस्पोजल. बस्स, एवढ्यात काम भागतं.

डोळ्याच्या थेंबांच्या बाटलीवर एक्सपायरी पुढच्या वर्षाची आहे, पण 'उघडल्यावर महिन्यानं डिस्कार्ड करा' असंही लिहिलंय. खरं कोणतं मानायचं?

दोन्ही खरं. एक्सपायरीची तारीख सीलबंद बाटलीसाठी असते. झाकण फोडलं की महिन्याचं घड्याळ सुरू होतं. थेंब टाकताना बाटलीचं टोक पापणीला, बोटाला लागतं, जंतू आत जातात. औषधात जंतू रोखणारा पदार्थ घातलेला असतो, पण तोही किती दिवस पुरणार. काही कंपन्या 'डिस्कार्ड' ऐवजी 'एका महिन्याच्या आत वापरा' असं छापतात, अर्थ एकच.

आमच्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं बरीच येतात. एक आजी अर्धी भरलेली बाटली पदराच्या गाठीतून काढून म्हणाल्या, "एवढं महाग औषध, फेकाले जीवावर येते ना बापू." बाटली मागच्या हंगामातली होती, आणि त्या ती आता नातवाच्या लाल झालेल्या डोळ्यात घालणार होत्या. ऑपरेशननंतर देतात त्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. ते डॉक्टरांनी न बघता दुसऱ्याच्या डोळ्यात गेलं तर जंतूचा आजार असलेला डोळा आणखी बिघडू शकतो. तेव्हा उरलेल्या औषधाची किंमत धरून बसू नका.

एक सवय लावा. बाटली फोडली की त्याच दिवशी पेनानं लेबलवर तारीख टाका. आम्ही दुकानात मागणाऱ्याला स्वतः टाकून देतो.

पावडरमध्ये पाणी घालून करतात त्या औषधाचं काय?

लहान पोरांच्या अँटिबायोटिकची बाटली पावडरची येते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायची. पाणी पडलं की बऱ्याच औषधांची मुदत सात दिवस असते, काहींची थोडी जास्त. आपल्या बाटलीवर जे लिहिलंय तेच धरायचं. उरलेलं औषध पुढच्या तापासाठी फळीवर ठेवायचं नाही. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा ४५च्या वर चढतो. 'थंड जागी ठेवा' म्हणजे टिनाच्या छपराखालची फळी नव्हे.

ओआरएसचं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं, दुसऱ्या दिवशी नवीन पुडी. इन्शुलिनची उघडलेली शिशी बहुतेक कंपन्यांच्या सूचनेप्रमाणे २८ दिवस चालते, आत औषध उरलं असलं तरी.

मुदत संपलेल्या गोळ्या उकंड्यावर (उकिरड्यावर) टाकल्या तर चालतं का?

नाही. उकंड्यावर गुरं तोंड घालतात, कोंबड्या टोचतात, पोरं रंगीत गोळ्या उचलतात. विहिरीत, नाल्यात तर मुळीच नाही. चुलीतही नको, प्लास्टिकची पट्टी आणि औषध दोन्हींचा धूर घरातच भरतो.

आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात विचारा. दवाखान्याच्या कचऱ्याला २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू आहेत आणि मुदत संपलेली औषधं त्यांच्या पिवळ्या पिशवीत जातात. घरच्या गोळ्या घेणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, पण ओळखीच्या आशाताईंमार्फत विचारलं तर कुठं कुठं घेतात. घेतल्या नाहीत तर पट्टीतून गोळ्या काढा, माती, राख किंवा चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि घंटागाडीत द्या. गाडी येत नसेल तर विहीर-बोअरपासून लांब, कुत्र्यानं उकरणार नाही इतक्या खोल पुरा. चिठ्ठी आणि डब्यावरचं नाव फाडून टाका, कोणाला कोणता आजार आहे हे गावभर कशाला.

२०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेनं १७ औषधांची यादी दिली, जी उरली तर संडासात टाकून पाणी सोडायला सांगितलं आहे. ती बहुतेक जबर वेदनाशामकं आणि नशा आणणारी औषधं आहेत, कॅन्सरच्या रुग्णाकडं असतात तशी. घरात चुकून कोणी घेतली तर जीव जाऊ शकतो, म्हणून तो अपवाद. तापाच्या, बीपीच्या, शुगरच्या गोळ्यांना ती वाट नाही.

शुगरवाल्यांच्या सुया?

जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका, तेलाची रिकामी कॅन चालते. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून आरोग्य केंद्रात द्या. तिथं सुयांसाठी पांढरा, न टोचणारा डबा असतो. सुईला पुन्हा टोपी लावू नका, हाताला टोचते ती त्याच वेळी.

फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्याचं काय करायचं? 'डिस्पोज सेफली' म्हणजे किती सेफली?

हा प्रश्न कृषी केंद्राचा, आणि याच्या उत्तराला वेळ द्यायला हवा. २०१७च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. ते सगळं फवारणीच्या वेळचं होतं. पण त्या वर्षीपासून लोक डब्याकडंही जरा घाबरून बघायला लागले, आणि तेवढं बरंच झालं.

डबा रिकामा दिसतो, रिकामा नसतो. आतल्या भिंतीला आणि तळाला औषध चिकटून राहतं. तेव्हा फवारणी चालू असतानाच, पंप भरता भरता हे करा: डब्यात पाव भाग पाणी घाला, झाकण लावा, अर्धा मिनिट जोरानं हलवा, ते पाणी पंपात ओता. असं तीनदा. धुवण पंपात गेल्यानं औषध वाया जात नाही आणि डब्यात विष उरत नाही. हातमोजे काढायच्या आधी हे उरकायचं. संध्याकाळी घरी येऊन धुवू म्हणाल तर ते पाणी जाणार कुठं? सांदवाडीतच, म्हणजे घरामागच्या परसातच ना.

धुतलेल्या डब्याला बुडात खिळ्यानं किंवा सब्बलीनं भोकं पाडा. ही पायरी कोणी करत नाही. चांगला पाच लिटरचा डबा फोडायचा म्हणजे घरच्या बाईच्या डोळ्यात पाणी येतं. पण भोक नसलेला डबा आज ना उद्या पाण्याला, तेलाला, रॉकेलला वापरला जातो. वावरात मजुरांचं पिण्याचं पाणी अशा डब्यात ठेवलेलं आम्ही पाहिलंय. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही हेच आहे: रिकामी वेष्टनं पुन्हा वापरली जातील अशी बाहेर पडू द्यायची नाहीत, फोडून वस्तीपासून लांब पुरायची. वस्तीबरोबर विहीर, बोअर, नाला यांपासूनही लांब जागा बघा.

कबाड्याला विकू का, असं विचारणारे आहेत. गावात येणारा कबाडी चांगला दिसणारा डबा वितळवायला पाठवत नाही, तसाच विकतो. तेव्हा नको.

उरलेलं द्रावण नाल्यात ओतू नका, पंपही नाल्यात बुडवून धुवू नका. लेबलवर ज्या पिकाचं नाव आहे त्याच पिकात, न फवारलेल्या तासात ते मारून संपवा. नाल्यातली मासळी मेली की गावाला कळतं, पण ढोरांनी ते पाणी प्यायलं ते कळत नाही.

एक वेळ मात्र अशी आहे की डबा अजिबात फेकायचा नाही. फवारणारा माणूस चक्कर येऊन पडला, ओकायला लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्याचे औषध उडालेले कपडे उतरवा, अंग धुवा आणि डबा लेबलसकट दवाखान्यात सोबत न्या. त्यावर विषाचं नाव आणि उतारा लिहिलेला असतो. "कोणतं औषध होतं?" "थे लाल झाकणाचं, डॉक्टरसाहेब," एवढ्यावर डॉक्टर तरी काय करणार.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण टाकायच्या पद्धतीबद्दल आहे का?

नाही, तो विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य. डबा धुवायचा आणि फोडायचा चारही रंगांचा.

'डिस्ट्रॉय' म्हणजे डिस्कार्डच ना? कपाशीच्या डोमकळ्या वेचून धुऱ्यावर (बांधावर) टाकल्या तर झालं की.

नाही झालं. डिस्ट्रॉय म्हणजे नष्ट करणं. कपाशीचं फूल उमलायच्या ऐवजी पाकळ्या गुंडाळून मिटून राहतं, गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, ती डोमकळी. एखादी तोडून पाकळ्या सोडवून बघा. आत रेशमासारख्या धाग्यांनी पाकळ्या शिवल्यासारख्या असतात आणि परागाच्या पिवळ्या भुशात बोंडअळी बसलेली असते. लहानपणी ती पांढुरकी दिसते, गुलाबी रंग मागाहून चढतो, म्हणून पुष्कळ जण ओळखत नाहीत. ही कळी तोडून धुऱ्यावर फेकली तर अळी आत जिवंतच असते. ती बाहेर येऊन कोषात जाते आणि पतंग होऊन तुमच्याच वावरात परत येते. तुम्ही डिस्कार्ड केलं, डिस्ट्रॉय नाही केलं. डोमकळ्या पिशवीत गोळा करायच्या आणि खोल पुरायच्या किंवा जाळायच्या.

२०१७-१८ला विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशीची दैना केली तेव्हापासून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग दरवर्षी हेच सांगतात. फरदड (वेचणी संपल्यावरही उभी राखलेली कपाशी) ठेवू नका आणि पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग पुढच्या पेरणीपर्यंत घराजवळ रचून ठेवू नका, हेही त्यातलंच. सरपणाला पऱ्हाटी लागते हे आम्हालाही कळतं. पण पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी झोपून असते.

संत्र्याच्या बागेतही तोच नियम. झाडाखाली गळालेली, किडकी फळं उचलून पुरायची, धुऱ्याच्या पलीकडं भिरकावायची नाहीत.

बीटी पाकिटातलं ते छोटं पाकीट टाकून द्यायचं असतं ना?

आता ते येत नाही. पूर्वी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत (बीटी म्हणजे बोंडअळीला मारक असलेली कपाशी) १२० ग्रॅमचं बिगरबीटीचं वेगळं पाकीट यायचं. लोक त्याला रेफ्युजी म्हणायचे आणि बहुतेक जण फेकून द्यायचे, कारण "त्याले अळी लागते". अळी लागावी म्हणूनच ते दिलेलं होतं. कडेनं लावलेल्या साध्या झाडांवर जगलेल्या अळ्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांत मिसळले की बीटी पचवणारी जात लवकर वाढत नाही. पाकिटं धुऱ्यावर गेली आणि अळी सरावली. बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली त्यामागं एवढं एकच कारण नाही, पण हे मोठं आहे. आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात साधं बी मिसळूनच येतं. वेगळं काढून फेकायची सोयच ठेवली नाही, आमच्या मते सगळ्या प्रकरणात शहाणपणाची गोष्ट ती.

घरचं सोयाबीन बियाण्याला बाद धरायचं केव्हा?

उगवण पाहून. सरसकट शंभर दाणे मोजा, निवडून नको. ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत ठेवा, पोतं गुंडाळा, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहा. आठवड्यानं जोमदार कोंब मोजा. ७० किंवा जास्त असतील तर पेरा. थोडे कमी असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. फारच कमी असतील तर ते बियाणं म्हणून बाद, बाजारात विका. मात्र औषध चोळलेलं, रंगीत झालेलं बी उरलं तर ते बाजारातही नको आणि ढोरालाही नको.

मोबाइलवर 'केस डिस्पोज्ड' दिसतंय. आमची फाइल फेकून दिली का?

धुऱ्याच्या वादातली किंवा वाटणीची केस, तारखांवर तारखा, आणि एक दिवस ई-कोर्ट्सच्या ॲपवर नातू वाचून दाखवतो: केस डिस्पोज्ड. काकाजी रात्रभर झोपत नाहीत. नुकतंच असे एक जण दुकानात आले होते: "काहून फेकली भाऊ, अजून माया साक्षच झाली नाई!"

फेकली नाही, निकाली निघाली. कोर्टाच्या भाषेत डिस्पोज्ड म्हणजे त्या कोर्टापुरतं प्रकरण संपलं. तुमच्या बाजूनं की विरुद्ध, हे त्या शब्दावरून कळत नाही. खाली 'नेचर ऑफ डिस्पोजल' अशी ओळ असते, ती वाचा. 'कॉन्टेस्टेड' म्हणजे दोन्ही बाजू ऐकून निकाल झाला. तडजोड असेल तर तसं लिहिलेलं असतं. गैरहजेरीमुळं काढून टाकली असेल तर 'डिसमिस्ड इन डिफॉल्ट' अशा अर्थाचे शब्द दिसतात. साक्ष व्हायची राहिलेली असताना डिस्पोज्ड दिसलं तर शंका याचीच घ्यायची.

मग त्याच दिवशी वकिलांना फोन करा आणि सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाका. दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, हायकोर्टात, म्हणजे आपल्याकडं नागपूर खंडपीठात, ९० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वगळतात. गैरहजेरीत काढलेला दावा पुन्हा दाखल करून घ्यायच्या अर्जालाही ३० दिवस आहेत. शब्द चुकीचा वाचून गप्प बसलं तर हे दिवस निघून जातात, नुकसान खरं तिथं आहे.

तक्रारीच्या सरकारी पोर्टलवरही अर्जापुढं डिस्पोज्ड येतं. तिथं त्याचा अर्थ साहेबांनी उत्तर टाकून अर्ज बंद केला इतकाच. तुमचं काम झालं असेलच असं नाही.

शाळेतले मोडके बाक गुरुजी का फेकत नाहीत?

कारण ते त्यांचे नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतली प्रत्येक वस्तू जडवस्तूंच्या नोंदवहीत चढलेली असते. ती नोंदीतून उतरवायची रीत म्हणजे निर्लेखन: प्रस्ताव, पाहणी, मंजुरी, मग लिलाव किंवा विल्हेवाट. मोडकळीला आलेली वर्गखोली पाडायलाही आधी निर्लेखन लागतं. त्यामुळं पावसाळ्यात गळणारी खोली तशीच उभी दिसली तर गुरुजींवर चिडू नका, शाळा व्यवस्थापन समितीत प्रस्ताव कुठं अडला ते विचारा.

लग्नात 'डिस्पोजल' किती आणायचे?

आपल्याकडं डिस्पोजल म्हणजे फेकायचा गिलास. इंग्रजीत डिस्पोजल म्हणजे फेकण्याची क्रिया, आणि गिलास डिस्पोजेबल. आचारी, मंडपवाला, किराणावाला सगळे डिस्पोजलच म्हणतात, तुम्हीही म्हणा, फक्त पेपरात लिहू नका.

प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अशा ताटवाट्या-गिलासांवर महाराष्ट्रात २३ मार्च २०१८पासून बंदी आहे, देशभरात १ जुलै २०२२पासून. आतून पातळ प्लास्टिकचा थर दिलेला कागदी कप उकंड्यात कुजत नाही, शेणखतासोबत वावरात जातो आणि डवऱ्याला (कोळप्याला) अडकतो. पळसाच्या पानांच्या पत्रावळी पूर्व विदर्भात अजून मिळतात. भाजीचा रस्सा गळतो अशी तक्रार असते. द्रोण दुहेरी घ्या.

फोनवर 'डिस्कार्ड' आणि 'सेव्ह' असं येतं, काय दाबू?

लिहिलेलं किंवा बदललेलं ठेवायचं असेल तर सेव्ह. डिस्कार्ड दाबलं की जे अजून जतन झालेलं नाही ते जातं आणि सहसा परत मिळत नाही. डिलीट हे आधीच साठवलेल्यासाठी असतं, डिलीट केलेला फोटो ट्रॅशमध्ये काही दिवस सापडतो. अर्ज भरता भरता रेंज गेली आणि असा चौकोन आला तर घाईनं डिस्कार्ड दाबू नका.

डंप, स्क्रॅप, वेस्ट, गार्बेज यांचं काय?

डंप म्हणजे आणून ओतणं, ट्रॉली उलटी केल्यासारखं. बेशिस्तीचा वास त्यात आहे. स्क्रॅप म्हणजे भंगार, ज्याला वजनावर पैसे येतात. गार्बेज आणि ट्रॅश म्हणजे कचरा. वेस्ट म्हणजे वाया गेलेलंही आणि टाकाऊही. कुटार (मळणीचा भुसा) हे वेस्ट आहे असं पुस्तकात असेल, आमच्या गोठ्यात नाही.

मराठीत या सगळ्यांना एक शब्द का नाही?

कशाला हवा? आपण दाणे पाखडून फोल काढतो, भाजी निवडून देठं टाकतो, नाणं बाद करतो, भांडं मोडीत घालतो, शिळं ढोराला देतो. प्रत्येक वस्तूची जायची वाट क्रियापदातच सांगितलेली असते. रोगराई टाकायचीसुद्धा रीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत (इडापिडेचा पुतळा) निघते आणि लोक ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" भंडारा-गोंदियाकडं तिला नारबोद म्हणतात. गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचं, घरामागं नाही.

माणसाबद्दल डिस्कार्ड वापरतात का?

वापरतात, आणि वाईट अर्थानंच. आपल्याकडं नवऱ्यानं सोडलेल्या बाईला 'टाकलेली' म्हणतात तसंच. इंग्रजी वाक्यात हौसेनं लिहू नका. संघातून वगळलेल्या खेळाडूला 'ड्रॉप्ड' म्हणतात.

ट्रॅक्टरच्या कर्जाच्या कागदात 'डिस्पोज ऑफ करणार नाही' असं लिहून घेतलंय. म्हणजे भंगारात द्यायचा नाही एवढंच ना?

नाही. कायद्याच्या इंग्रजीत डिस्पोज ऑफ म्हणजे विकणं, बक्षीस देणं, अदलाबदल करणं, कोणत्याही रीतीनं दुसऱ्याच्या हवाली करणं. बँकेच्या संमतीशिवाय ट्रॅक्टर स्टँपवर साळ्याच्या नावानं करून दिला तरी ते यात आलं. जमिनीच्या कागदातही हा शब्द याच अर्थानं येतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही, आणि इंग्रजी आदेशात त्यालाही डिस्पोजच लिहिलेलं सापडतं.

कर्ज फिटलं की बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, आरटीओत जाऊन आरसीवरचा एचपी (बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवा, आणि मगच गिऱ्हाइकाशी सौद्याचं बोला.